भोपाळचा तलाव आणि विजेचं पुरुमेंत

भोपाळ म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक तिथला बडा तालाब आणि दुसरी १९८४ ची वायुदुर्घटना. तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे वीज. मी कला शाखेचा पदवीधर, पेशाने सरकारी कारकून. तेव्हा या विषयात मी यंत्राच्या नव्हे, इतिहासाच्या दाराने शिरतो.

अकराव्या शतकात परमार राजा भोजाने बांध घालून बडा तालाब निर्माण केला, असं मानतात. जवळच भोजपूरला त्याहूनही विस्तीर्ण सरोवर होतं. माळव्याच्या होशंगशाहने पंधराव्या शतकात त्याचा बांध फोडला, असं सांगतात. भोजपूरचं पाणी गेलं, भोपाळचं राहिलं. आजही शहराच्या मोठ्या भागाला हाच तलाव पाणी पाजतो. पावसाळ्यात मिळालेलं वैशाखासाठी राखून ठेवायचं, एवढंच त्यामागचं शहाणपण. आपण गोंयकार याच्या उलट करतो. मे महिन्याच्या उन्हात सुकं, सोलं वाळवून पावसाळ्याचं पुरुमेंत भरतो. विजेचा सगळा वादही शेवटी या पुरुमेंताशी येऊन थांबतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झालं. त्याच वर्षी तिथल्या अवजड विद्युत यंत्रांच्या कारखान्यासाठी सरकारी कंपनी स्थापन झाली. ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने उभा राहिलेला हा कारखाना पुढे 'भेल'चा भाग बनला. जलविद्युत टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर अशी यंत्रं तिथे तयार होऊ लागली. यंत्र आलं, पण ते फिरवायचं कशाने?

पहिलं उत्तर कोळसा. सिंगरौली आणि कोरबा इथले कोळशाचे थर गोंडवाना काळातले, म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचे. गोंडवाना हे नाव याच भागातल्या गोंड लोकांवरून आलं आणि भूगर्भशास्त्राने ते जगभर नेलं. कोळसा म्हणजे प्राचीन झाडांनी साठवलेलं ऊन. त्याची मोठी सोय ही की साठवण त्याच्यातच आहे. ढीग घालून ठेवा आणि हवा तेव्हा जाळा. म्हणूनच सिंगरौली जिल्ह्यातलं विंध्याचल केंद्र ४,७६० मेगावॅटपर्यंत वाढलं. पण हे पुरुमेंत एकदाच भरलेलं आहे, पुन्हा भरायचं नाही. शिवाय धूर आणि राख मागे उरते ती वेगळीच.

दुसरं उत्तर ऊन. रीवाच्या ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाच्या २०१७ च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला, तेव्हा देशभर आश्चर्य वाटलं. २०२० साली त्याचं लोकार्पण झालं. त्याची वीज दिल्ली मेट्रोलाही जाते. पण सूर्य मावळला की हे दुकान बंद, आणि दिवे लावायची वेळ नेमकी तीच.

मग साठवायचं कसं? जुना उपाय पुन्हा राजा भोजाचाच, पाणी. महाराष्ट्रात घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचं केंद्र आहे. वीज मुबलक असताना खालचं पाणी वर चढवायचं आणि टंचाईच्या वेळी खाली सोडायचं. अशा पद्धतीत चार युनिटं घातली तर साधारण तीन परत मिळतात. बॅटरीत तूट कमी, पण तिचं लिथियम खाणीतून येतं. खाण म्हणजे काय, हे गोमंतकीयाला वेगळं सांगायला नको.

पाण्याची साठवणही फुकट नसते. १,००० मेगावॅटच्या इंदिरा सागर धरणासाठी २००४ साली हरसूद हे भरलं गाव रिकामं केलं गेलं. सिंगरौली भागात तर रिहंद धरणाने उठवलेली काही कुटुंबं पुढे कोळसा खाणी आणि वीज केंद्रांसाठी पुन्हा उठवली गेली. नूतनीकरणक्षम आणि अनूतनीकरणक्षम हे शब्द पुस्तकात वेगवेगळ्या रकान्यांत बसतात. त्या कुटुंबांच्या वाट्याला दोन्ही रकाने आले. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी आपल्या साळावलीच्या पाण्याखाली गेलं. तिथे प्रश्न विजेचा नव्हता, पाण्याचा होता. पण उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर आपल्या घरांची जोती पाहायला येणाऱ्या कुर्डीकरांना हरसूद समजावून सांगावं लागणार नाही.

आणि आपण? गोव्याकडे स्वतःचं मोठं वीज केंद्र नाही. विंध्याचल आणि कोरबा इथल्या विजेत आपला वाटा आहे. कोरबाही २००० पर्यंत भोपाळच्याच कारभारात होतं. आपल्या देवघरातला दिवा तिथल्या कोळशावर लागतो. बिल आपण भरतो. किंमत बरीचशी तिथली माणसं भरतात.

म्हणून मला एक साधी गोष्ट सुचते. सरकारी कार्यालयं दिवसाच चालतात. पंखे, संगणक, वातानुकूलन यांची गरज ऊन असतानाच जास्त. अशा छपरांवर तयार होणारी वीज तिथेच, त्याच वेळी वापरली तर तिला ना धरण लागतं, ना बॅटरी. पावसाळ्यात ती कमी पडेल, हे खरं. पण साठवणीवाचून जेवढं भागतं तेवढं आधी भागवावं. कुठल्या तरी गावाला उठवून भरलेल्या पुरुमेंताला हात त्यानंतर लावावा.