काम संपताच विरघळणारी पट्टी

कवटीच्या हाडांमधील सांधे अकाली जुळलेले बाळ जन्माला आले, तर त्याच्या वाढत्या मेंदूला जागा अपुरी पडू शकते. अशा वेळी शल्यविशारद हाडांचे तुकडे मोकळे करून त्यांची नव्याने मांडणी करतात आणि ते जुळेपर्यंत पट्ट्या व स्क्रूंनी जागेवर धरून ठेवतात. प्रौढांमध्ये या कामी टायटॅनियम उत्तम ठरते. अर्भकांत मात्र ते अडचणीचे होते. वाढत्या वयात कवटीचे हाड बाहेरून भरत जाते व आतून झिजते. त्यामुळे वर बसवलेली धातूची पट्टी कालांतराने हाडात गाडली जाऊन मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते. ती काढायची, तर पुन्हा शस्त्रक्रिया आली.

यावरील तोडगा टाक्यांच्या धाग्यातून निघाला. १९७०च्या सुमारास पॉलिग्लायकोलिक आम्लाचा विरघळणारा धागा वापरात आला. पुढे याच पदार्थाची पॉलिलॅक्टिक आम्लाशी सांगड घालून पट्ट्या तयार झाल्या. ‘लॅक्टोसॉर्ब’ या पट्टीत हे प्रमाण ८२ टक्के लॅक्टिक व १८ टक्के ग्लायकोलिक असे आहे. उष्णता देऊन ती मऊ केली की कवटीच्या गोलाईनुसार वळवता येते. शरीरातील पाण्यामुळे तिच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात. सुमारे आठ आठवडे पुरेशी ताकद टिकते आणि साधारण वर्षभरात पट्टी नाहीशी होते. अखेरीस उरतात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.

विरघळण्याचा वेग हाच येथे कळीचा मुद्दा आहे. नेदरलँड्समधील शल्यविशारदांनी १९८७ मध्ये गालाच्या हाडाच्या अस्थिभंगासाठी निव्वळ पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पट्ट्या वापरल्याचे प्रसिद्ध केले. हाडे नीट जुळली. परंतु सुमारे तीन वर्षांनी काही रुग्णांच्या गालावर सूज आली. पट्टीचे स्फटिकरूप कण तोवर पुरते विरघळले नव्हते. मॅग्नेशियमची तऱ्हा याच्या उलट. बेल्जियन शल्यविशारद अल्बिन लांबॉट यांनी १९०७ मध्ये ते पायाच्या हाडासाठी वापरले, तेव्हा पट्टी आठच दिवसांत विघटित होऊन त्वचेखाली वायू साचला. सुधारित मिश्रधातूच्या स्क्रूला युरोपात मान्यता मिळाली ती २०१३ मध्ये.

विरघळणाऱ्या पट्ट्या टायटॅनियमपेक्षा जाड, महाग आणि ताकदीने कमी असतात. मोठा भार पेलणाऱ्या हाडांसाठी म्हणूनच धातूला पसंती मिळते. चिमुकल्याला दुसऱ्या शस्त्रक्रियेतून वाचवण्याचा प्रश्न असेल, तेथे मात्र हा पर्याय मोलाचा ठरतो. पट्टी किती काळात विरघळेल आणि सूज आल्यास काय करावे, हे पालकांनी शल्यविशारदांना आधीच विचारून घेणे हिताचे.