प्रथमावृत्ती (मराठी ग्रंथव्यवहार)

प्रथमावृत्ती म्हणजे एखाद्या ग्रंथाची पहिल्यांदा छापून प्रसिद्ध झालेली आवृत्ती. मजकूर न बदलता तोच ग्रंथ पुन्हा छापला तर ते पुनर्मुद्रण ठरते. मजकुरात भर घातली किंवा दुरुस्ती केली तर दुसरी आवृत्ती होते. दुर्मीळ पुस्तकांच्या विक्रीत हा भेद किमतीवर थेट परिणाम करतो. नांदेड-लातूरचा विक्रेता व पुण्या-मुंबईचा ग्राहक यांच्या व्यवहारात ग्राहकाला पुस्तक हाताळता येत नाही. विक्रेत्याने लिहिलेले वर्णन हाच त्याचा आधार असतो.

== आवृत्ती व पुनर्मुद्रण ==
मराठीत हे शब्द सैलपणे वापरले गेले आहेत. अनेक प्रकाशक प्रत्येक छपाईला ‘आवृत्ती’ म्हणतात, त्यामुळे ‘पाचवी आवृत्ती’ ही बहुधा पाचवी छपाईच असते. यासाठी मुद्रणपृष्ठावरील शब्द जसेच्या तसे उतरवणे हाच विश्वसनीय मार्ग होय. प्रकाशक बदलल्यास गोंधळ वाढतो. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनीने काढली; पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली. नव्या प्रकाशकाची पहिली आवृत्ती ही ग्रंथाची प्रथमावृत्ती नव्हे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ची. १९७५ मध्ये पुण्यात निघालेले पुस्तक दुसरीचे पुनर्मुद्रण आहे. अभ्यासकाला येथे दुसरी आवृत्तीच अधिक उपयोगी, हेही लक्षात घेण्याजोगे.

== काळ ठरवण्याच्या खुणा ==
१८६७च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याने मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि ठिकाणे छापणे बंधनकारक केले. सालाची सक्ती त्यात नव्हती. त्यामुळे साल नसलेली जुनी पुस्तके पुष्कळ आढळतात. साल शकात असेल तर त्यात साधारणपणे ७८ मिळवावे लागतात.

साल नसेल तेव्हा इतर खुणा कामी येतात. आण्यांतील किंमत १ एप्रिल १९५७ला दशमान चलन येण्याआधीची छपाई सुचवते. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असल्यास ती छपाई १५ ऑगस्ट १९७२पूर्वीची असू शकत नाही. तेरा अंकी आयएसबीएन १ जानेवारी २००७पासून रूढ झाला.

शुद्धलेखनाची साक्ष अधिक बोलकी असते. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ अशी अनुच्चारित अनुस्वारांची रूपे त्यानंतर मागे पडली. १९३५ची म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतीत ‘नाही’, ‘काही’, ‘घरात’ सर्वत्र दिसले तर शंका घ्यावी. उलट बाजूने मात्र हा पुरावा कच्चा आहे, कारण काही पुनर्मुद्रणांत जुने लेखन तसेच ठेवलेले असते. खिळ्यांच्या छपाईत अक्षरांचा दाब पानामागे बोटाला लागतो. ऑफसेटमध्ये तो लागत नाही.

== नांदेड व लातूर ==
मराठवाडा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे उर्दू राजभाषा होती आणि ‘हाली सिक्का’ हे वेगळे चलन चाले. त्या काळातील पुस्तकावरील किंमत ‘हाली’ की ‘कलदार’ हे नोंदवणे आवश्यक ठरते.

पुढील काळासाठी जिल्ह्याचे नाव उपयोगी पडते. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा झाला. मुद्रणपृष्ठावर ‘लातूर, जि. उस्मानाबाद’ असेल तर प्रत बहुधा त्याआधीची असते, ‘जि. लातूर’ असेल तर ती आधीची असूच शकत नाही. परभणीतून हिंगोली १९९९ मध्ये वेगळा झाल्याने तेथेही हीच कसोटी लागू पडते.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांची पुस्तके त्यांच्या निधनानंतरही छापली जात राहिली. त्यामुळे ‘कुरुंदकरांचे जुने पुस्तक’ एवढे वर्णन अपुरे ठरते. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांचे दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे, या कादंबरीच्या प्रतीत ती प्रस्तावना पूर्ण आहे का, पाने सुटलेली आहेत का, हे सांगावे लागते.

== विक्रीतील वर्णन ==
प्रथमावृत्तीची खात्री नसेल तर ‘मुद्रणपृष्ठावर पुनर्मुद्रणाचा उल्लेख नाही’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे असते. वेष्टन मूळचे आहे की नंतरच्या छपाईचे, बांधणी नवी आहे का, मुखपृष्ठ कापले आहे का, वाळवी वा ओलीचे डाग कोठे आहेत, हेही नोंदवतात. सही असल्यास ती लेखकाची की पूर्वीच्या मालकाची, हे स्पष्ट करतात. सार्वजनिक ग्रंथालयाचा शिक्का असलेल्या प्रतीवर ती रद्द केल्याची खूण नसेल, तर प्रत ग्रंथालयातून कशी बाहेर आली हे विचारल्याशिवाय जाणकार ग्राहक ती घेत नाहीत.