माथा कुणाचा, पायथा कुणाचा?

नगर जिल्ह्यातील पाण्याचा इतिहास आजवर दोन प्रकारच्या नावांनी सांगितला गेला. एक सुलतानांची नावे, दुसरी आदर्श गावांच्या पुढाऱ्यांची. 1490 साली मलिक अहमदने सीना नदीच्या काठी शहर वसविले. पुढे निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव अशा भोवतालच्या शिवारांतून खापरी नळांनी शहरात पाणी खेळविले गेले, बागांतील हौद भरले. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरनेही त्या नळांची दखल घेतली. परंतु त्यांचे चर कुणी खणले, नळ कुणी भाजले, गाळ उपसायला आत कोण उतरले, हे सांगण्याची गरज कुणाला वाटली नाही.

आज त्याच सीनेत शहराचे सांडपाणी उतरते. पात्र मोकळे करा, अतिक्रमणे हटवा, ही नागरिकांची मागणी रास्त आहे. (अतिक्रमण म्हटले की डोळ्यांसमोर झोपडीच का येते आणि भरावावर उभी राहिलेली इमारत का येत नाही, एवढे विचारून पुढे जातो.) पण नदी केवळ पात्र साफ करून जिवंत होत नाही. तिचा जीव वरच्या पठारावरील ओढ्यानाल्यांत असतो. म्हणून शहराच्या नदीचा प्रश्न अखेर खेड्यातील पाणलोटाचा प्रश्न होतो, आणि खेडे म्हटले की गावकूस आलेच.

पाणलोटाचे शास्त्र साधे आहे. पावसाचे पाणी माथ्यावर अडवायचे, उतारावर समपातळीत चर खणायचे, नाल्याला बांध घालायचे. धावणारे पाणी चालू लागते, चालणारे थांबते, थांबलेले मुरमात जिरते आणि पायथ्याच्या विहिरींना चढते. 'माथा ते पायथा' अशी या कामाची घोषणाच आहे. मात्र माथ्यावर कोण राहतो आणि पायथ्याला विहीर कुणाची आहे, हे ही घोषणा सांगत नाही.

हे काम प्रथम प्रचंड प्रमाणावर झाले ते 1972 च्या दुष्काळात. मे 1973 मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, खडी फोडणे ही ती कामे. दुष्काळाने लहान शेतकऱ्यालाही कामावर आणले हे खरे; पण पाऊस पडल्यावर तो आपल्या रानात परतला. ज्याला रानच नव्हते तो घमेले घेऊन पुढच्या कामावर गेला. माझी आजी त्या साली मिलो आणि सुकडी खाऊन पाझर तलावावर पाट्या वाहत होती. त्या तलावाखालच्या विहिरी पुढे भरल्या. त्यांतली एकही आमच्या वस्तीची नव्हती.

या पार्श्वभूमीवर राळेगणसिद्धीकडे पाहावे लागते. 1975 साली लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पारनेर तालुक्यातील या गावात गळका पाझर तलाव दुरुस्त झाला, नालाबांध झाले, कोरड्या विहिरींना पाणी आले. दलित कुटुंबांचे कर्ज फेडण्यासाठी गावाने त्यांच्या शेतात सामुदायिक श्रम केले. या घटनेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मुकुल शर्मा यांनी 'ग्रीन अँड सॅफ्रन' (2012) या ग्रंथात तेथील ऐक्याची चिकित्सा करताना दाखविले, की या ऐक्याची नीती सवर्ण हिंदू कल्पनांतून आलेली आहे. दलितांनी मांसाहार सोडणे हीसुद्धा सुधारणेची खूण मानली गेली. बांध पाणी अडवितो. तो जात अडवीत नाही.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने 1990 पासून, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, आणखी पुढची मजल मारली. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस आणि केळी नाही, आणि 2004 पासून दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. जमिनीखालचे पाणी ही एकट्याची मालमत्ता नव्हे, असे येथे निदान वागणुकीतून मान्य झाले. शेजारीच असलेल्या कालव्याच्या आणि साखर कारखान्यांच्या नगर जिल्ह्यात ही लहान गोष्ट नाही.

तरीही प्रश्न उरतो. 1882 च्या सुखाधिकार कायद्याने ज्याची जमीन त्याच्या खालचे पाणी त्याचे ठरविले. महार वतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली, पण गावकीतून सुटलेल्या सर्वांच्या हाती कसण्याजोगे रान आले असे झाले नाही. पुष्कळांनी वाट धरली ती गायरानाची, म्हणजे त्याच माथ्याची. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून हा लढा चालू आहे. 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरील दलित भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय 1991 साली झाला, तरी सात-बारासाठी खेपा अजून संपलेल्या नाहीत. पाणलोटाच्या नकाशात हे गायरान 'पडीक' म्हणून रंगविले जाते. तेथे चर पडतात, झाडे लागतात, चराईबंदी होते. चार शेळ्यांवर जगणाऱ्या बाईने माथा सोडायचा आणि पायथ्याच्या बागायतदाराने पाणी घ्यायचे. बदल्यात तिला काय? काही दिवसांची मजुरी आणि पिण्याचे पाणी. कधी बागायतीत रोजगार वाढतो, तोही दुसऱ्याच्या बांधावर.

याला दुसरा मार्ग नव्हता असे म्हणता येणार नाही. विलासराव साळुंखे यांनी 1974 साली पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या संख्येने दिले. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, उसाला पाणी नाही, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऐंशीच्या दशकात सांगली जिल्ह्यात येरळेवर बळीराजा धरण बांधणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि कष्टकऱ्यांनीही भूमिहीन कुटुंबाला समान वाटा धरला होता. राळेगणने प्रेरणा घेतली ती साळुंखे यांच्याच कामापासून. पुढे शासकीय योजनांतून बांध गावोगाव गेला. भूमिहीनाचा वाटा मात्र वाटेतच गळाला. कारण बांधाला अंदाजपत्रक लागते, वाट्याला सत्ता सोडावी लागते.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा मागणी होती सार्वजनिक पाण्याला हात लावण्याची. डिसेंबर 1939 मध्ये ते याच जिल्ह्यात हरेगावला महार वतनदारांच्या परिषदेसाठी आले, तेव्हा प्रश्न जमिनीचा होता. मुरलेल्या पाण्याच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. तळ्याला निदान काठ असतो, तेथे जाऊन उभे राहता येते. विहिरीच्या झऱ्यावर सत्याग्रह कसा करायचा, याचा विचार आपल्या चळवळीने पुरेसा केलेला नाही.

निदान नोंद तरी व्हावी. आमच्या महाविद्यालयांतील मुलामुलींनी आपापल्या तालुक्यातील एकेक पाझर तलाव घ्यावा. तो कुणी खणला, मुकादम कोण होता, मजुरी कशी मापली, त्याखालच्या विहिरी आज कुणाच्या नावावर आहेत, हे वस्तीत जाऊन विचारावे आणि सात-बाऱ्याशी ताडून पाहावे. जुनी मस्टरे कितपत शिल्लक असतील सांगवत नाही. त्यांवर अंगठे असायचे. 1972 साली विशीत असलेल्या बाया आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत.