प्रार्थनामंदिर कोणी आखायचे?

खेड्यात घर बांधायला काढले की पहिला येतो तो गवंडी. पण खरा प्रश्न विचारते ती घरातली म्हातारी. गवंडी विचारतो, "किती खण?" म्हातारी विचारते, "चूल कुठं?" खणांचा हिशेब चुकला तर पैसा जातो, चुलीची जागा चुकली तर जन्मभर डोळ्यांत धूर जातो. श्रोतेहो, आज अशाच एका घराविषयी बोलायचे आहे. मात्र ते एका कुटुंबाचे घर नव्हे, सबंध मंडळीचे आहे.

आमच्या भागातील एका खेड्यात ख्रिस्ती मंडळीला नवे प्रार्थनामंदिर बांधायचे होते. 'मंडळी' म्हणजे एका प्रार्थनामंदिराशी बांधलेला भाविकांचा समाज. वसईकडे त्यालाच 'धर्मग्राम' म्हणतात. माझा एक जुना विद्यार्थी तिथे शिक्षक आहे. तो म्हणाला, "सर, तुम्ही इतिहास शिकवता. पूर्वी लोकांनी चर्च कशी आखली, तेवढं येऊन सांगा." मी खुशीने गेलो. जुनी खोली पत्र्याची होती. पावसाळ्यात पत्रा वाजू लागला की पाळकसाहेबांचे प्रवचन दुसऱ्या रांगेलाही ऐकू येत नसे, आणि चैत्र-वैशाखात तर आत बसवत नसे. पंचांनी एक छापील चित्र भिंतीला टांगले होते: उंच टोकदार मनोरा, टोकदार कमानी, भोवती हिरवळ. असेच बांधायचे, असा बहुतेकांचा विचार दिसला. मी तीन इमारतींच्या गोष्टी तयार करून नेल्या होत्या.

पहिली इमारत मुंबईच्या कुलाब्याची. लोक तिला अफगाण चर्च म्हणतात. १८३८ ते १८४२ च्या अफगाण युद्धात आणि नंतरच्या सिंधच्या मोहिमेत जे इंग्रजी फौजेचे लोक पडले, त्यांच्या स्मरणार्थ ती उभारली. पाया १८४७ मध्ये घातला, १८५८ मध्ये मंदिराचे पवित्रीकरण झाले, आणि मनोऱ्याचे टोक पुरे व्हायला १८६५ साल उजाडले. ऑक्सफर्डच्या वास्तुमंडळाचा सल्ला साता समुद्रांपलीकडून आला. अखेरचा आराखडा हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने केला. मुंबईला विहार तलावाचे पाणी आणण्याची योजना आखणारा हाच तो कॉनिबेअर. दगड इथला आणि घाम इथला. घडण मात्र इंग्लंडमधील तेराव्या शतकाच्या चर्चची. त्यात चूक नव्हती. तिथे बसणारे लोक गोऱ्या पलटणीचे होते. त्यांना घरची आठवण हवी होती. बाकांना बंदुका उभ्या ठेवण्यासाठी खाचा आहेत. म्हणजे बसणाऱ्याची सोय आखणाऱ्याच्या ध्यानात होती. पण बसणारा शिपाई होता, शेतकरी नव्हता.

दुसरी इमारत गोव्याची. ती सांगण्याआधी एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली. १५४० च्या सुमारास तिथली देवळे पाडली गेली, आणि १५४१ मध्ये देवळांच्या इनाम जमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या कामाकडे वळवले गेले. दिवाडी बेटावरच्या सप्तकोटेश्वराला नदीपलीकडे डिचोलीच्या नार्व्यात आसरा घ्यावा लागला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, हे आपल्याला ठाऊक आहेच. गोव्यात चर्चची गोष्ट सुरू होते ती अशी, जुलमापासून.

परंतु काळ पुढे गेला. दीडशे वर्षांनी त्याच दिवाडीच्या टेकडीवर पिएदादचे, म्हणजे करुणामातेचे, मोठे चर्च उभे राहिले. अठराव्या शतकाच्या आरंभीचे हे काम. त्याचा आराखडा आंतोनियो जुआंव द फ्रियस या गोव्याच्याच धर्मगुरूचा मानला जातो. तोवर गोव्यात पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती असलेला समाज तयार झाला होता, त्याचे स्वतःचे धर्मगुरू होते, स्वतःचे कारागीर होते. लाटेराइटचा तांबडा दगड आणि त्यावर चुन्याचा पांढरा गिलावा, हे गोव्याच्या चर्चचे रूप अशाच हातांनी घडवले. जी गोष्ट वरून लादली गेली होती, ती लोकांनी हळूहळू आपल्या हातांत घेतली.

तिसरी इमारत आपल्या हयातीतली, मुंबईच्या दादरची. पोर्तुगीज चर्च म्हणून बसचा थांबा आहे, तो पुष्कळांना माहीत असेल. तिथे १५९६ पासून चर्च आहे. १९७४ ते १९७७ या काळात चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणे तिथे अगदी नवी इमारत झाली. मध्ये एक मोठी घटना घडली होती. १९६२ ते १९६५ या वर्षांत रोमला व्हॅटिकनची दुसरी महासभा भरली. उपासना लोकांच्या भाषेत व्हावी, लोकांनी नुसते पाहत न बसता तीत भाग घ्यावा, आणि नवी मंदिरे त्या दृष्टीने बांधावीत, असे तिथे ठरले. धर्मगुरू आता लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला. तेव्हा जुना लांबट दिवाणखाना कसा पुरणार? कोरियांनी उघडे चौक आणि झाकलेली दालने एकमेकांत गुंफली. वर काँक्रीटचे उंच घुमट उभे केले, म्हणजे गरम हवा वर निघून जाईल. मनोरा नाही, टोकदार कमान नाही. मुंबईची हवा आहे आणि मुंबईची माणसे आहेत.

अशा तीन गोष्टी मी रंगवून सांगितल्या. तासभर बोललो. शेवटी म्हणालो, "तेव्हा परक्याचं चित्र टांगू नका, आपल्या माणसाकडून आखून घ्या." लोकांनी माना डोलावल्या. मला वाटले, काम झाले.

तेवढ्यात मागून, दाराजवळच्या बायकांतून, एक म्हातारी बोलली. अहिराणीत बोलली. "भिंती उभ्या व्हयन्यात, मंग आम्हले इचारशात का?" म्हणजे, भिंती उभ्या झाल्यावर मग आम्हाला विचाराल का?

सभा हसली. मी हसलो नाही, कारण माझ्या तिन्ही गोष्टी त्या एका वाक्याने उलट्या केल्या. मी 'आपला माणूस' म्हणालो होतो. पण आपला म्हणजे कोणाचा? ज्या फ्रियसचे मी कौतुक केले, त्यानेच १७०२ मध्ये लिस्बनला एक ग्रंथ छापला. त्याचा विषय ब्राह्मण कुळांचे मोठेपण. तो लिहिणारा ख्रिस्ती होता, धर्मगुरू होता, आणि तरीही जात विसरला नव्हता. गोव्याच्या पुष्कळ गावांत चर्चचा मान, मिरवणुकीतला झगा, सणाचा खर्च करण्याचा हक्क, ही सारी गावकऱ्यांच्या आणि उच्च जातींच्या हातांत राहिली. घर सगळ्यांचे, पण ओसरी ठराविक लोकांची. आखणारा गावातला असला म्हणजे सारे गाव आखणीत आले, असे होत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, इथे अमेरिकन मराठी मिशनची मंडळी १८३३ मध्ये स्थापन झाली. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोन मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्या मंडळीत ब्राह्मणही होते आणि महार-मांगही होते. त्या काळी हे किती अवघड होते, ते निराळे सांगायला नको. पुढे त्याच नगरात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाच्या वळणाने मराठी उपासना घडवली. आपल्या धरणगावचे बालकवी टिळकांच्याच घरी राहिले होते. टिळकांना एक गोष्ट पक्की कळली होती: गाणारा ज्या चालीवर घरी गातो, त्या चालीवर त्याने देवापुढे गावे. इमारतीचेही तसेच आहे. माणूस ज्या रीतीने बसतो, चपला काढतो, मूल निजवतो, त्या रीतीला भिंतींनी जागा द्यावी.

खानदेशालाही हा प्रश्न नवा नाही. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याच सुमारास पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारात, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक भिल्लांच्या वस्त्यांत काम करू लागले. ते बर्फाच्या देशातले. उतरते छप्पर त्यांना बर्फासाठी लागे. आपल्याकडे जुनी घरे धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर मातीचे सपाट छप्पर, लहान झरोके, कारण इथे शत्रू ऊन आहे. दोन्ही रिती शहाणपणाच्या, पण आपापल्या जागी.

मग त्या खेड्यात पुढे काय झाले? कोणी कागद फाडला नाही, भांडण झाले नाही. माझ्या विद्यार्थ्याने एक साधी युक्ती काढली. पुढच्या रविवारी त्याने शाळेच्या पोरांना घेऊन रिकाम्या जागेवर आराखडा फक्कीने जमिनीवर मारला, पुऱ्या मापाचा. भिंती म्हणजे पांढरी रेघ, दार म्हणजे रेघेतली फट. मंडळी त्या रेघांच्या आत बसली आणि उपासना तिथेच झाली. मीही एका कडेला बसलो होतो.

तासाभरात जे कळले ते पंचांना सहा महिन्यांत कळले नव्हते. बायकांची बाजू नेमकी पश्चिमेला आली होती. दुपारनंतर तिथे झळ लागणार. दार इतके अरुंद होते की तिरडी खांद्यावर घेऊन चार माणसांना वळता येईना. तान्ही पोरे रडू लागली तेव्हा आयांना बाहेर जायला सगळ्यांना ओलांडून जावे लागले. पाण्याची मडकी कुठे ठेवायची, याचा विचारच नव्हता. आणि कडुलिंबाचे जे झाड भिंतीसाठी तोडायचे ठरले होते, त्याच्याच सावलीत निम्मी सभा सरकून बसली होती.

रेघ पुसायला पायच पुरतो. भिंत पाडायला कर्ज लागते. त्या दिवशी तीन वेळा रेघ पुसली. झाड राहिले, दार रुंद झाले, बायकांची बाजू पूर्वेला गेली. मनोऱ्यासाठी धरलेला पैसा व्हरांड्याकडे वळला. काही वडीलधारी माणसे नाराज झाली, कारण मनोरा दुरून दिसतो आणि व्हरांडा दिसत नाही. त्यांचेही म्हणणे अगदीच खोटे नव्हते. म्हणून एका कोपऱ्यात घंटेपुरता खांब ठेवायचे ठरले. ती म्हातारी दाराच्या फटीजवळ बसून होती. तिने जागा बदलली नाही. फक्त फट रुंद करून घेतली.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे केवळ चर्चपुरते नाही. देऊळ असो, मशीद असो, बुद्धविहार असो, शाळेची खोली असो की ग्रामपंचायतीची कचेरी, प्रश्न तोच आहे. इमारत कोणाच्या नावाने उभी राहते हे पाटीवर लिहिलेले असते. ती आखताना कोणाला विचारले नव्हते, हे मात्र भिंतीच सांगतात, आणि पुढची शंभर वर्षे सांगत राहतात. तेव्हा गावात काही बांधायला निघाल तर आधी फक्की मारा, आणि जो सगळ्यात मागे बसतो त्याला पहिल्यांदा विचारा.