पाचशे बारा पत्ते आणि छोट्यांचे म्हणणे

इंटरनेटवरील यंत्रांना आयपी पत्ता लागतो. चौथ्या आवृत्तीचे असे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. साठा आटत गेल्याने आशिया-प्रशांत विभागात पत्ते वाटणाऱ्या ‘एपीनिक’ने १५ एप्रिल २०११ पासून एक प्रकारचे रेशनिंगच सुरू केले. अखेरच्या साठ्यातून लहानमोठ्या प्रत्येक सदस्याला १०२४ च पत्ते मिळू लागले; २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आली. भारतात ‘निक्सी’च्या अखत्यारीतील ‘इरिन’ ही संस्था २०१२ पासून हे वाटप करते.

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरातील स्थानिक ब्रॉडबँड सेवादाराला या आकड्याची झळ थेट पोहोचते. त्याचे पाच हजार ग्राहक असतील, तर साधारण दहा घरांत एक पत्ता वाटून घ्यावा लागतो. एका घरातील संगणकातून स्पॅम गेला आणि तो पत्ता काळ्या यादीत पडला, की उरलेल्या नऊ घरांनाही त्याचा त्रास होतो. सुबत्तेच्या काळात लाखो पत्ते मिळवलेल्या जुन्या कंपन्यांना ही अडचण फारशी जाणवत नाही.

एपीनिकच्या धोरणचर्चेत कोणीही भाग घेऊ शकतो. सदस्यत्वाची अट नाही. तेथे मते मोजत नाहीत, सहमती पाहतात. गंभीर आक्षेपाचे निरसन व्हावे लागते, मग तो घेणाऱ्याकडे पत्ते किती का असेनात. कार्यकारी समितीच्या निवडणुकीत मात्र सदस्याच्या आकारानुसार १ ते ६४ मते असतात. थोडक्यात, छोट्याचे बळ मतपेटीत नसून युक्तिवादात आहे. त्यामुळे ‘तुमचे नेटवर्क ते केवढे?’ अशा खोचक प्रश्नाने त्याला गप्प करणे हा निव्वळ उद्धटपणा नव्हे, तर त्याचे एकमेव साधन काढून घेणे होय. चर्चा इंग्रजीत, परिभाषा क्लिष्ट. दोन तंत्रज्ञांवर चालणारी संस्था आधीच बुजलेली असते.

अर्थात छोट्यांच्या नावाखाली लबाडीही झाली. अखेरच्या साठ्यातील पत्ते घेऊन ते विकण्याचे प्रकार होऊ लागल्याने, पाच वर्षे हस्तांतर करता येणार नाही, अशी अट आली. अट रास्तच होती. पण आधीच पत्ते घेतलेल्यांना ती लावणे म्हणजे डाव अर्ध्यावर असताना नियम बदलणे. पुढे दुरुस्ती झाली आणि १४ सप्टेंबर २०१७ पूर्वी मिळालेले पत्ते या अटीतून वगळण्यात आले.