शीव कोणाची, देश कोणाचा?

कोरेगावच्या लढाईत महार शिपाई देशाविरुद्ध लढले, हा आरोप दरवर्षी जानेवारी आला की नव्याने होतो. माझ्या वर्गात शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतली मुले बसतात. मधून भीमा वाहते. दौंडकडचा भाग जुन्या भीमथडीतला. हा आरोप ऐकून आपली मुले एकतर खाली पाहतात, नाहीतर चिडतात. त्याने उत्तर दिले जात नाही. आधी विचारले पाहिजे, १८१८ साली इथे देश होता काय? आणि होता तर तो कोणाचा?

कायद्याचे पंडित देशाची चार लक्षणे सांगतात. १९३३ साली माँटेव्हिडिओ येथे अमेरिका खंडातल्या राष्ट्रांनी केलेल्या करारात ती नोंदलेली आहेत : कायमची वस्ती, ठरलेली भूमी, सरकार आणि इतर राज्यांशी स्वतः व्यवहार करण्याची ताकद. हा गज मागाहूनचा खरा, पण बाजीरावाच्या राज्याला तो लावून पाहू.

होळकरांपुढे पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह केला. कंपनीची फौज पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यायचा, आणि कंपनीला विचारल्यावाचून दुसऱ्या राज्याशी बोलणे लावायचे नाही. १८०३ मध्ये इंग्रजांच्या बळावर तो पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला. शिरूरला कंपनीची छावणी पडली. जून १८१७ च्या तहाने दुसऱ्या दरबारी वकील ठेवण्याचा हक्कही गेला. चौथे लक्षण पेशव्याने असे आपल्याच हाताने पुसले.

वसईच्या तहाला बरोबर पंधरा वर्षे झाली त्या रात्री, ३१ डिसेंबर १८१७ ला, कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघाली. दुसऱ्या दिवशी कोरेगावात लढाई झाली. पेशव्यांकडून अरब आणि गोसावी लढले. कंपनीकडे महारांबरोबर मराठे, रजपूत, मुसलमान होते. भीमेपलीकडे पेरण्याच्या हद्दीत जो स्तंभ आहे, त्यावरील ४९ मृतांपैकी २२ नावे 'नाक'ने संपतात. हे शिपाई पगारी होते, आणि कंपनी काही तारणहार नव्हती. पुढे त्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनीच महारांची सैन्यभरती बंद केली. इकडे बाजीराव जून १८१८ मध्ये शरण गेला आणि सालीना आठ लाखांचे पेन्शन घेऊन बिठूरला राहिला. त्याला लोकांनी 'पळपुटा' म्हटले. देशद्रोहाचा शिक्का मात्र शिपायाच्या कपाळी!

दुसरा गज आपल्या गावगाड्याचा आहे. शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष मोलाची धरत, कारण शीव कुठून कुठे जाते हे त्याला पाठ असे. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे, त्याचे घर गावकुसाबाहेर आणि गावचा पाणवठा त्याला बंद. शीव राखायची त्याने, गाव मात्र दुसऱ्याचा. अशा गावांच्या बेरजेतून राज्य उभे राहील, देश कसा उभा राहील?

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी स्तंभापाशी आले. १४ ऑगस्ट १९३१ ला मणिभवनात त्यांनी गांधीजींना तोंडावर सांगितले की मला मायभूमी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावले की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र होऊ शकत नाहीत. जाती राष्ट्रविरोधी आहेत. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता गेली, १९५८ च्या कायद्याने महारवतनाचा जू उतरला. कागदावर आपण आत आलो. तरी १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, स्तंभाकडे निघालेल्या लोकांवर दगड पडले.

तेव्हा शिक्षक मित्रांनो आणि कार्यकर्त्यांनो, हा आरोप कोणी केला तर मान खाली घालू नका, आवाजही चढवू नका. त्याला त्याच्या गावाचा नकाशा काढायला सांगा. पाणवठा, देऊळ, स्मशान आणि आपली वस्ती कुठे कुठे आहे ते त्याच्याच हाताने दाखवू द्या. देशाची चर्चा तिथून सुरू करू.