ताटातलं रूप आणि फोटोतलं रूप

अळूची पातळ भाजी हिरवीगार ठेवायची म्हटली तर ती धड खाता येणार नाही. अळूच्या पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि घशाला खवखव सुटते ती त्यांच्यामुळे. म्हणून पानं अगदी गळेपर्यंत शिजवायची, घोटायची आणि त्यात चिंच, आमसूल किंवा चुका घालायचा, अशी रीत घरोघरी पडली. पण आंबट आणि आच एकत्र आली की पानातल्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग शेवाळी-तपकिरी होतो. भाजीचा तो मळकट रंग म्हणजे ती नीट शिजल्याची खूण. त्यात हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, मुळ्याच्या चकत्या, खोबऱ्याचे काप आणि गुळाचा खडा पडला की तिची चव लग्नाच्या पंगतीत मानाने वाढण्याइतकी चढते, आणि पुण्या-कोकणाकडच्या पंगतींत ती तशी पिढ्यान्‌पिढ्या वाढली गेली. तिचाच फोटो काढून पाहावा, तर दिसतो तो डबक्यातला गाळ. पिठल्याचं तसंच, कुळथाच्या पिठीचं तसंच, हुलग्याच्या माडग्याचं, वांग्याच्या भरताचं आणि लोखंडी कढईत परतलेल्या कोणत्याही भाजीचं तसंच. महाराष्ट्राच्या घरगुती जेवणातला फार मोठा आणि फार चवदार भाग फोटोत मार खातो.

याचं सोपं उत्तर असं दिलं जातं की आपल्या स्वयंपाकाला दृष्टीच नव्हती. पोट भरणं एवढंच त्याला ठाऊक होतं. मला हे उत्तर चुकीचं वाटतं, आणि इतिहासही त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. आपल्याकडे अन्न डोळ्यांनी पाहिलं जात होतं, पण एकेक पदार्थ सुटा काढून पाहण्याची पद्धत नव्हती. पाहायचं ते ताट. पदार्थ ताटातून उचलून, त्याच्या वेळेतून आणि उबेतून बाहेर काढून एकटा उभा केला, तेव्हा तो कुरूप ठरला. हे घडलं गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत, आणि त्याचा शेवटचा टप्पा आपल्या हातातल्या मोबाइलने पुरा केला.

जुन्या ग्रंथांपासून सुरुवात करू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात राजाच्या मुदपाकखान्यातले पदार्थ कृतींसह आले आहेत. मांडे, पुऱ्या, वडे तर आहेतच, पण विदलपाक नावाचा एक पदार्थही आहे: डाळींची पिठं, त्यात सैंधव, हळद आणि हिंग, आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजवणं. हे आजच्या पिठल्याचं थेट मूळ आहे असा दावा मी करणार नाही. दोहोंमध्ये शतकांचं अंतर आहे आणि पिठल्यातली मिरची तर पोर्तुगीजांच्या येण्यानंतरची. पण हळदीच्या पिवळ्या रंगाचा, शिजून गोळा झालेला डाळीच्या पिठाचा पदार्थ राजाच्या पंक्तीला चालत होता, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. तो गरिबाघरचा म्हणून हिणवला गेला नव्हता. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी लिहिलेल्या ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात भर आहे तो अन्नाच्या गुणदोषांवर: काय पचायला जड, काय हलकं, कशाने वात वाढतो, कशाने शमतो. अन्न चांगलं की वाईट हे ठरवताना जीभ, पोट आणि ऋतू यांचं मत आधी घेतलं जाई.

छापील पुस्तकं आली तरी हे बदललं नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 सालचं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ 1910 सालचं. पुढे 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि हजारो मराठी घरांत नव्या सुनांच्या हाताशी राहिली. ‘रुचिरा’चं बळ चित्रांत नव्हतं, मापांत होतं: वाटी आणि चमचा यांच्या हिशेबाने सांगितलेली कृती. पदार्थ झाला की नाही हे मराठी स्वयंपाकघरात ज्या शब्दांनी सांगितलं जातं ते पाहा. पिठलं कडेने सुटू लागलं, रटरटलं, कच्चट वास गेला, भाकरी फुगली, पाकाला तार आली. यात डोळाही आहे, पण कान, नाक आणि बोटं त्याच्या बरोबरीने आहेत, आणि डोळ्यालाही काम आहे ते पदार्थात काय घडतंय ते पाहण्याचं. झालेला पदार्थ कसा दिसावा याबद्दल ही भाषा फार कमी बोलते. हे स्वाभाविकही होतं. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात, पहाटे जात्यावर दळून, मग पाणी भरून, मग शेतावर जाणाऱ्या बाईला रोजच्या कालवणाचं रूप सजवायला सवड कुठली? आणि जेवणारा हाताने जेवत होता. भाकरीच्या तुकड्यात पिठलं उचललं की ते किती घट्ट, किती गरम, हे बोटांना तोंडाच्या आधी कळतं.

इथे कोणी म्हणेल की मग उकडीच्या मोदकाच्या कळ्यांचं काय? चिरोट्याचे पदर, करंजीची मुरड, बोटांनी वळलेले गव्हले हे सगळं डोळ्यांसाठीच नाही का? आहे, आणि हा आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण त्यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. ज्या बायका मोदकाला एकसारख्या कळ्या पाडत होत्या, त्यांनाच पिठलं गोळा होऊन पडलेलं चालत होतं. म्हणजे त्यांना रूप कळत नव्हतं असं नाही. ते कुठे खर्चायचं हे त्यांनी ठरवलं होतं. देवापुढे ठेवायचं, पाहुण्याला द्यायचं, रुखवतात मांडायचं, ते घडवायचं. रोज घरच्यांनी चुलीपाशी बसून खायचं, ते चवीला आणि वेळेला सांभाळायचं. ही विभागणी विचारपूर्वक होती. तिच्यात बाईच्या श्रमाचा हिशेबही होता, आणि तो हिशेब आजही कालबाह्य झालेला नाही.

पण रोजच्या किंवा पंगतीच्या ताटाला काहीच रूप नव्हतं असंही नाही. पाटाभोवती रांगोळी, पुढे केळीचं पान. पानाच्या वरच्या बाजूला मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या आणि आमटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर पिवळं वरण आणि तूप. ही मांडणी इतकी ठरलेली की वाढपी चुकला तर पंगतीतला माणूस ते लगेच ओळखी. आता या पानावर अळूची भाजी कुठे बसते ते पाहा. पांढरा भात, पिवळं वरण, हिरवी चटणी, काकडीची कोशिंबीर, केशरी जिलबी, आणि या सगळ्यांत एक गडद, शेवाळी, ओला ठिपका. तिथे ती कुरूप दिसत नाही. तिच्यामुळे भात अधिक पांढरा दिसतो. साध्या शेतकरी घराच्या ताटातही हेच घडतं. बाजरीच्या करड्या भाकरीवर पिवळा झुणका, शेजारी लाल ठेचा, फोडलेला पांढरा कांदा. यातला झुणका एकटा काढून पांढऱ्या बशीत ठेवला की तो केविलवाणा वाटणारच. रंग ताटात वाटलेले होते, आणि एकाच पदार्थाने सगळे रंग अंगावर घालावेत अशी अपेक्षा कोणी केली नव्हती.

ती अपेक्षा बाजाराने आणली. विकायचा पदार्थ रस्त्यावरच्या माणसाला लांबून हाक मारतो, त्यामुळे त्याला एकट्याने देखणं असावं लागतं. मिसळीवरचा लाल कट, रश्श्यावर तरंगणारी तर्री, भरपूर रंग देणारी ब्याडगी मिरची, वरून भुरभुरलेली शेव आणि कोथिंबीर ही विकाऊ अन्नाची भाषा आहे, आणि ती आपल्या जागी उत्तम आहे. मिसळ मला काही कमी प्रिय नाही. पण ही भाषा घरच्या अन्नाला लावली की गफलत होते. मुंबईतच या दोन भाषा शेजारी शेजारी वाढल्या. गिरण्यांत काम करणारा कोकणातला आणि घाटावरचा माणूस खानावळीत जेवायचा. या खानावळी अनेकदा बायकाच चालवायच्या आणि तिथे घरासारखंच जेवण मिळायचं. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवून संघटित करण्यासाठी. आणि 1890 पासून महादू हावजी बच्चे यांच्या कामातून उभी राहिलेली डबेवाल्यांची व्यवस्था तर माझ्या मते या वादातला सर्वांत भक्कम पुरावा आहे. शहरात हॉटेलं वाढत गेली, तरी लाखो माणसांनी पैसे मोजून घरचा डबा मागवला. डब्यातलं अन्न तासन्‌तास प्रवास करतं, दाबलं जातं, भाजीचा रस पोळीला लागतो, भाताचा गठ्ठा होतो. दिसायला त्याहून वाईट अन्न क्वचितच असेल. तरीही डबा शंभरावर वर्षं चालला. माणूस आधी डोळ्यांनी जेवतो, हे वाक्य हल्ली सिद्धांतासारखं ऐकवलं जातं. मुंबईच्या नोकरदारांनी रोज दुपारी ते खोटं पाडलं आहे.

यात दिसण्याच्या आडून जातीचा आणि पैशाचा प्रश्नही येतो, तो टाळून चालणार नाही. ज्या पदार्थांना आज फोटोत वाईट म्हणतो त्यांतले बरेच गडद आहेत: बाजरी, नाचणी, कुळीथ, कारळ्याची चटणी. कुळीथ हलक्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत येतो, कोकणात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर घेतला जातो. म्हणून तो ज्यांच्याकडे बागायत नाही त्यांचं धान्य. गव्हाची पोळी खेड्यापाड्यांतल्या अनेक घरांत फार काळ सणाची वस्तू होती आणि पांढरा, सडीक तांदूळ ही ऐपतीची खूण. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांच्या मनात तो रंग भुकेशी कायमचा जोडला गेला. तेव्हा कुळथाच्या पिठीकडे पाहून नाक मुरडणाऱ्या डोळ्याला केवळ रंग दिसत नसतो. आपण जिथून वर आलो ती जागाही दिसत असते. 1995 मध्ये राज्यात आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली, तेव्हा या जेवणाला सरकारी मान मिळाला. पण तो मान गरिबाचं अन्न म्हणूनच होता, आणि पुढे त्यातल्या अनेक केंद्रांवर दुसरेच खाद्यपदार्थ विकले जाऊ लागले. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तीच नाचणी, तीच बाजरी एकाएकी देखणी ठरली. धान्याचा रंग बदलला नव्हता.

मग मोबाइलचा फोटो असं काय नवं करतो? तो ताट कापून टाकतो. वरून जवळून घेतलेल्या चौकटीत एकच वाटी मावते. दुसरं म्हणजे तो उशीर करतो. बेसनाचं पिठलं चुलीवरून उतरताच लकाकतं, पण थोड्याच वेळात त्यावर साय धरते, ती साय आक्रसून तिला भेगा पडतात, आणि फोटोची तयारी होईपर्यंत ते थंडगार, निस्तेज होतं. तिसरं, तो वास आणि ऊब पोचवू शकत नाही, आणि पिठल्याचं निम्मं वैभव लसणीच्या फोडणीत असतं. यावर म्हणता येईल की त्यात बिघडलं काय? वर थोडी कोथिंबीर टाका, सुंदर वाटी घ्या, उजेडात ठेवा. एवढ्यावर थांबत असतं तर मीही हरकत घेतली नसती. पण थांबत नाही. अळू हिरवा दिसावा म्हणून चिंच कमी होते, नाहीतर शिजवताना सोडा पडतो. सोड्याने रंग टिकतो, पण पान लगदा होतं आणि ब जीवनसत्त्व नष्ट होतं. पिठलं मऊसर वाहतं असायचं ते मूद पाडता यावी म्हणून घट्ट होतं. वांग्याची भाजी काळी पडू नये म्हणून लोखंडी कढई माळ्यावर जाते आणि तिच्याबरोबर अन्नात उतरणारं लोहही. कृती चवीवरून ठरायची, ती आता फोटोवरून ठरू लागते, आणि नवी पिढी स्वयंपाक शिकते ती बहुतांशी या चित्रांवरूनच. चित्रात जे शोभत नाही ते तिथे येतच नाही, आणि जे येत नाही ते दोन पिढ्यांत घरातूनही जातं. माडगं आणि शेंगोळे किती शहरी घरांत आज कोणाला करता येतात?

म्हणून ज्यांच्या घरात हे पदार्थ अजून शिजतात त्यांना माझी एक विनंती आहे. फोटो काढायचाच तर पूर्ण ताटाचा काढा, पान वाढून झाल्यावर, भात आणि भाकरीसकट. आणि फोटोपेक्षा आधी कृती शब्दांत लिहून ठेवा: कुळीथ किती खमंग भाजायचा, आमसूल केव्हा घालायचं, अळू किती घोटायचा, पीठ वैरताना आच कशी ठेवायची आणि पिठलं कसं वाजू लागलं की उतरवायचं. करणारी आजी किंवा आई समोर आहे तोवरच हे विचारता येतं.